हात पुरे झाले

आमच्या अक्काने माझ्या हातचे पाणी आजवर प्यायलेले नाही. अक्का म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. मी लग्न होऊन कुंभकोणम्‌च्या या घरात आले तेव्हा माझे केस काळेभोर होते. आता केसांना रंग लावायचाही कंटाळा येतो. मधल्या काळात गल्लीतल्या मातीच्या घरांवर मजले चढले, पण तिच्या स्वयंपाकघराचा उंबरठा माझ्यासाठी तेवढाच उंच राहिला.

कारण सांगते, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. आम्ही दोघीही मराठीच. तंजावरच्या राजांच्या काळात जी मराठी घरे इकडे आली त्यांत माझ्या सासरचे पूर्वज पोथ्या घेऊन आले, आणि माझ्या माहेरचे दरबारच्या पागेत चाकरीसाठी आले. सासरी वैष्णव, कांदासुद्धा मागच्या दाराने येतो. माहेरी रविवारी मटण शिजायचे आणि वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. कॉलेजात असताना आमचे जमले आणि आम्ही लग्न केले. नवऱ्याच्या आईवडिलांनी आज ना उद्या पदरात घेतले असते, पण ते आधीच गेले होते. घरातले सोवळे-ओवळे अक्काच्या ताब्यात होते. ती कमी वयात विधवा होऊन माहेरी परतलेली, सोवळ्यात स्वतःचे रांधून खाणारी. मी दारात उभी असतानाच ती भावाला म्हणाली, "घोड्याला दाणा घालणारी माणसं ती. माणसाला वाढण त्यांस काय कळतंय?"

हे मी ऐकावे म्हणूनच मोठ्याने म्हटले होते. त्या दिवसापासून पुढचे स्वयंपाकघर तिचे आणि मागच्या पडवीतला गॅस माझा. नवरा सकाळी तिच्याकडे जेवायचा, रात्री माझ्याकडे, आणि दोन्हीकडच्या शिव्या एकाच तोंडाने गिळायचा.

(मी हे पुस्तकी मराठीत लिहिते आहे, कारण माझे वडील हट्टाने पुण्याची मासिके टपालाने मागवत आणि आम्हाला वाचायला लावत. घरात आम्ही बोलतो ती मराठी वेगळी. ती जिथे यायची तिथे येईलच.)

चोळपुरम्‌च्या रस्त्याला एका विद्यापीठाने यंत्रमानवांच्या संशोधनाचे केंद्र उभारले तेव्हा गावात आनंदीआनंद झाला. जिकडेतिकडे एकच शब्द, 'रोबो ऑफिस'. आमच्याकडे इंजिनिअरिंगची कॉलेजे बक्कळ, त्यामुळे घरोघरी एक इंजिनिअर बेकार बसलेला. सगळ्या आयांनी मुलांचे शर्ट इस्त्री करून ठेवले. केंद्राने त्यांच्यापैकी घेतले कुणाला? एक फाटकावर, दोन गाड्या चालवायला, एक बागेला पाणी घालायला. संशोधक सगळे बाहेरून आले. आले ते मात्र भूक आणि बिछाना बरोबर घेऊन आले, त्यामुळे गावाचे फावले. ज्या माडीवर पूर्वी नारळ वाळत घालायचे तिथे आता भाडेकरू राहू लागले. 'रोबो मेस', 'रोबो टी', 'रोबो सलून' अशा पाट्या लागल्या. ऑटोवाले चोळपुरम्‌ म्हटले की मीटरकडे बघतही नसत. एरवीही बघत नसत म्हणा, पण आता अभिमानाने बघत नसत.

माझ्या नवऱ्याचे तळ्याजवळ पितळी समयांचे दुकान आहे. धंदा कसाबसा चाले. केंद्रात पाहुणे येऊ लागले तशी त्यांना भेट द्यायला काहीतरी 'इथले' हवे झाले, आणि नवऱ्याच्या डोक्यातून पितळेचा वीतभर रोबो निघाला. डोके चौकोनी, हातात समईची वात, आणि कपाळावर चक्क वैष्णवांचे उभे नाम. मी म्हटले, हे बघून देव आणि यंत्र दोघेही रडतील. पण केंद्राने टोपल्या भरभरून ते घेतले. त्यानंतर नवरा केंद्राबद्दल बोलताना आवाज खाली आणू लागला, देवळात आणतात तसा.

आणि मग केंद्राला हात हवे झाले. म्हणजे यंत्राला माणसाची कामे शिकवायची तर माणूस ती कशी करतो याची खूपखूप चित्रे लागतात, म्हणे. आमच्या गल्लीतल्या बायका, पट्टीश्वरम्‌हून बसने येणाऱ्या बायका, सगळ्या डोक्याला कॅमेऱ्याचा पट्टा बांधून केंद्रात बसू लागल्या. कुणी टॉवेलची घडी घालायची, मग ती विस्कटायची, मग परत घालायची. कुणी मोगऱ्याचा गजरा ओवायचा. संध्याकाळी ते गजरे कुठे जात? कचऱ्यात. देवळाला फुले ओवणारी मिळेना झाली, कारण देवापेक्षा कॅमेरा जास्त देत होता. जन्मभर ज्या कामाला घरात कुणी काम म्हटले नाही, त्याचे आता तासावर पैसे मिळत होते. बायका बसमधून उतरायच्या त्या मान वर करून. मला हे आवडायचे, हे कबूल केले पाहिजे.

आमच्या माडीवर केंद्रातली एक मुलगी भाड्याने राहायला आली. पुण्याची. गोरीगोमटी, हसरी, सगळ्यांना 'थँक्यू' म्हणणारी. मी तिला काहीतरी सांगितले की ती टाळ्या पिटायची, "काकू, किती गोड बोलता हो तुम्ही! अगदी बखर ऐकल्यासारखं वाटतं!" मी म्हणे, "बखर मेलेल्या माणसांची असते गे. मी जित्ती आहें." त्यावर ती आणखी टाळ्या पिटायची. मला माणसांचा राग पटकन येतो, पण या मुलीचा राग यायला वेळ लागला. ती वाईट नव्हती. तिचे हेच वाईट होते.

जेवण झाल्यावर विडा खायची आमच्या घरची रीत. कुंभकोणम्‌चे पान कोवळे, कावेरीकाठच्या मातीतले, तोंडात विरघळणारे. अक्का ते पान दोन बोटांनी असे दुमडायची की एक सुरकुती पडत नसे, आणि वर लवंग टोचायची. गल्लीतल्या लग्नाचे विडे तिच्याकडून जात. मुलीने एकदा उंबरठ्याबाहेरून ते पाहिले आणि तिथेच उकिडवी बसली. "आजी, हे मला रेकॉर्ड करायचंय."

अक्का म्हणाली, "मी त्या हापिसांत येइना. अस्कि जातीचीं माणसं शिवतात तेथ."

(अस्कि म्हणजे सगळ्या.) मग हापिसच घरी आले. अक्काच्या अटी अशा की तिच्या स्वयंपाकघरात परके पाऊल पडायचे नाही. छताला कॅमेरा लावायला वायरमन आला, तर त्याला विहिरीवर आंघोळ करून ओलेत्याने यायला सांगितले. तो म्हणाला, अम्मा, ओल्या अंगाने वीज धरली तर मी सोवळ्यातच वर जाईन. शेवटी माझा नवरा रेशमी सोवळे नेसून शिडीवर चढला, आणि वायरमन अंगणात उभा राहून तमिळमध्ये ओरडून सांगत होता, लाल वायर, लाल! हालचाल मोजायला बोटांना चिकटवायच्या पट्ट्या मुलीने दिल्या, त्या अक्काने शुद्ध करायला हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्या. त्या जागच्या जागी मेल्या. मुलगी दुसऱ्या दिवशी नव्या घेऊन आली. केंद्राकडे पट्ट्यांना तोटा नव्हता.

पैसे अक्काच्या नावाने बँकेत येऊ लागले. तिच्या नावाने कुठे काही येण्याची ती आयुष्यातली पहिलीच वेळ. गल्लीतल्या पोरी तिला 'रोबो पाट्टी' म्हणू लागल्या, पाट्टी म्हणजे आजी. माझा नवरा, जो आजवर तिला न विचारता घर रंगवायचा, तो आता छपरावर कौले घालायची की पत्रा हे विचारायला तिच्या उंबरठ्याशी जाऊ लागला. आणि अक्का सुखावली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभाला तूप लागले होते. मला मागच्या पडवीत ऐकू येईल अशा आवाजात ती भावाला म्हणायची, "माझ हात बघायास परदेशाहून लोक येतात रे. कोणाच हात कोणी बघतंय, कोणाच बघना."

मग तिचा हात थरथरू लागला.

ते आधी मी पाहिले. मार्गळी महिन्यात, म्हणजे धनुर्मासात, पहाटे दारात रांगोळी काढायची असते, ती अक्काच काढायची, कारण दार तिचे. ठिपक्यांमधून फिरणारी तिची रेघ बायका उभ्या राहून बघत. त्या सकाळी मी केर काढायला बाहेर आले, तर रेघ ठिपक्याला वळसा घालताना कापल्यासारखी झाली होती. दुसऱ्या दिवशी पण. मला बरे वाटले. खोटे कशाला बोलू? माझ्या पोळीला जी बाई 'दाण्याची पेंड' म्हणत होती, तिची रेघ वाकडी झाली होती. मी कुणाला सांगितले नाही, नुसती रोज बघत राहिले.

केंद्राने मात्र पाहिले. मुलगी एकदा खाली आली, फोनवरचे चित्र मला दाखवले. अक्काची बोटे होती, आणि बोटांच्या खाली एक निळी रेघ, खारीच्या शेपटीसारखी थरथरत जाणारी. "काकू, आजींना डॉक्टरकडे न्या. आणि सॉरी, पण हे रेकॉर्डिंग आता आम्हाला चालणार नाही."

डॉक्टर म्हणाले, कंपवात. गोळ्या दिल्या. गोळी घेतली की हात काही वेळ शांत राही, आणि उतरली की पुन्हा थरथर. कॅमेरा मात्र छतावरून उतरला. तो उतरवायलासुद्धा नवराच सोवळ्यात चढला. अक्का खाली भिंतीशी बसून बघत होती. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी विडा करायला बसली, पान दुमडले, लवंग टोचायला गेली आणि लवंग बोटात घुसली. पुन्हा घेतली, पुन्हा बोटात. तिसऱ्यांदा तिने पानाचे तबक भिंतीवर फेकले. मी दारात आले, तर मला म्हणाली, "बघतेस काय? हंस की. तुज देवान दाखवट्ल की अस्क."

मी हसले नाही. पण नाही म्हणायलाही तोंड उघडले नाही.

काही दिवसांनी मुलगी उड्या मारत आली. केंद्रातल्या दुसऱ्या गटाला आता थरथरणारेच हात हवे होते. ज्यांचे हात कापतात त्यांना घास भरवणारे यंत्र त्यांना बनवायचे होते, आणि त्यासाठी हात कापतो तो कसा, घास तोंडाशी येता येता कुठे सांडतो, मान कशी पुढे येते, हे सगळे टिपायचे होते. "आजी, तुमचा डेटा इतका सुंदर आहे!" ती म्हणाली. "फक्त एक करायचं. गोळी घ्यायच्या आधी यायचं. गोळी घेतली की हात शांत होतो ना, मग आम्हाला काही मिळत नाही."

ती हे किती सहज म्हणाली! बाजारात केळी निवडताना म्हणतात तसे, जरा कच्ची बघून द्या.

अक्का आता हापिसात जायला तयार झाली. केंद्राची पांढरी गाडी गल्लीत यायची, ड्रायव्हर दार उघडायचा, आणि अक्का तिचा ताट-वाटीचा डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायची. तिकडे तिच्यासाठी एक खोली वेगळी पुसून ठेवत. 'आमच्या सगळ्यांत चांगल्या आजी' म्हणून तिला पाहुण्यांना दाखवत. ज्या दिवशी हात जास्त कापे त्या दिवशी ती जास्त खुशीत घरी येई. "आज बेष झालं," असे भावाला सांगे. "ती पोर सांगटली, असं आजवर कोणाच झालं नाही मणून."

आधी केंद्राच्या दिवशी गोळी उशिरा घ्यायची असे ठरले होते. मग केंद्राच्या आदल्या रात्रीची गोळीही चुकू लागली. मग मी पाहिले की ती गोळी तोंडात घालते, पाणी पिते, आणि जराने पानाच्या डब्यातली चुन्याची डबी उघडून त्यात थुंकते. चुन्यात पांढरी गोळी कोण शोधणार? मी नवऱ्याला सांगितले. तो दुकानात रोबोला पॉलिश करत होता. फडके थांबले नाही.

"तिज वाटतंय ते करूं दे," तो म्हणाला. "उगी कसाला तिच मन मोडायच?"

"मन मोडना, हात मोडतोय तुमच्या बहिणीचा."

"मी बोलतों," तो म्हणाला. बोलला नाही. त्याच आठवड्यात केंद्राने कसल्याशा परिषदेसाठी पितळी रोबोंची मोठी मागणी दिली, आणि मग तो कामात बुडून गेला. आमच्या घरात कुणाचा जीव कधी कुणी घेतला नाही. सगळे नुसते कामात बुडून गेलेले असतात.

आणि मी? मी तिला सांगितले, एकदा, उंबरठ्यावरून. "अक्का, गोळ्या घ्या. हात अगदी जाईल." ती म्हणाली, "हात गेला तर तुज काय? तुझ्या हातच तर खाइना मी." मग मी पण माझ्या पडवीत गेले. ज्याला त्याला आपला मान प्यारा.

हात गेलाच. आधी रांगोळी गेली, मग विडा, मग स्वयंपाक. नवरा पहाटे सोवळे नेसून तिच्या चुलीवर भात-वरण लावू लागला, ती पाटावर बसून त्याला सूचना देई आणि तो करपवे. ते झाकून ठेवून तो दुकानात जाई, आणि दुपारी ती स्वतःच घास घेऊ बघे. निम्मा भात लुगड्यावर. भाऊ एकदा दुपारी लवकर आला आणि भरवायला बसला, तर तिने तोंड फिरवले. "मी तुज भरवट्लय रे. तूं मज भरवायास आलास?" आणि रडली. मी तिला रडताना प्रथमच पाहिले. मीही भरवू का, असे कुणी विचारले नाही. तो प्रश्नच या घरात नव्हता.

त्यावेळी केंद्रातून यंत्र आले. लोखंडी पाय, पांढरा वाकणारा हात, पुढे चमचा. घरी वापरून बघायची त्यांची पायरी आली होती, आणि पहिले घर अर्थात आमच्या सगळ्यांत चांगल्या आजींचे. आता प्रश्न असा की ते सोवळ्यात चालते का. नवऱ्याने एका जाणत्या शास्त्रींना विचारले. ते म्हणाले, शास्त्रात याच्याबद्दल काही नाही. अक्काने निकाल स्वतःच दिला. "त्याज आई ना, बाप ना. मटण खाइना, शिळ खाइना. विटाळ कसाला?"

म्हणजे लोखंडाला घर नसल्यामुळे ते माझ्यापेक्षा शुद्ध ठरले. मी पडवीत एकटीच हसले, पोट दुखेपर्यंत, आणि मग हसू कुठे संपले ते कळले नाही.

यंत्राची रीत अशी. समोर वाटीत दहीभात. चमचा उचलायच्या आधी ते एक बारीक आवाज करी, टिंग, म्हणजे माणसाने तयार राहावे. मग हात हळूच वर येई, अक्काच्या डोलणाऱ्या मानेबरोबर थोडा डोले आणि बरोबर तोंडाशी थांबे. ते सगळे डोलणे त्याने तिच्याकडूनच शिकले होते. अक्का टिंग ऐकले की डोळे मिटायची आणि तोंड उघडायची. का मिटायची कुणास ठाऊक, बहुतेक लाजेने. दही हनुवटीवर ओघळे, ते यंत्राला पुसता येत नसे. जेवण झाले की ती पदराने कशीबशी पुसून घेई, आणि मिटल्या डोळ्यांनीच त्याला म्हणे, "बेष भरवट्लस रे, बाळा."

बाळा! या बाईने आयुष्यात कुणाला बाळा म्हटलेले मी ऐकले नव्हते. माझ्या मुलीलाही नाही. माझी लेक लग्न होऊन गेली, तरी नाही. मी उंबरठ्याबाहेर उभी राहून रोज दुपारी ते बघायची. केंद्राचे लोक सांगून गेले होते की यंत्र चालू असताना घरातले कुणी जवळ असावे, काही अडले तर लाल बटण दाबायला. ते बटण त्यांनी मुद्दाम उंबरठ्याबाहेर, माझ्या हाताशी लावले होते. तेवढाच माझा अधिकार.

मग एका सकाळी माडीवरची मुलगी केंद्राचे दोन जण घेऊन आली. टप्पा पूर्ण झाला होता. घास भरवणारे यंत्र आता मोठ्या शहरात जाणार होते, तिथून परदेशी इस्पितळांत. हात टिपायचे सगळेच काम संपले होते, टॉवेलचे, गजऱ्याचे, सगळे. केंद्राची इमारत राहणार, आत संगणक राहणार, पण त्यांना आता हात पुरे झाले होते.

अक्का पाटावर बसली होती. "परत कधी येणार हें?"

"आजी, आता हे यंत्र नाही येणार. पण तुम्ही केवढं मोठं काम केलंय माहीत आहे? जगात कुठेही कुणाला हे भरवेल ना, ते तुमच्यामुळे. तुम्ही त्यात आहात!" मुलीचे डोळे खरेच भरून आले होते.

अक्काने विचारले, "आणि मी काय खाऊं?"

मुलीने माझ्याकडे पाहिले. घरात धडधाकट बाई उभी आहे, मग हा प्रश्न का, हे तिला कळेना. नवऱ्याने हात जोडून विचारले, एखादे विकत मिळेल का. ती म्हणाली, "काका, ते अजून इकडे विक्रीला नाहीये. आणि असलं तरी..." पुढचे तिने गिळले, कारण ती चांगल्या घरची होती. मग तिने अक्काबरोबर फोटो काढला, यंत्राचे पेच सोडवून घेतले, सगळ्यांना थँक्यू म्हटले. महिनाअखेर माडी रिकामी करून गेली. गरज सरो, वैद्य मरो. इथे वैद्यसुद्धा नव्हता, नुसता रोगी होता.

गल्ली बसायला वेळ लागला नाही. 'रोबो मेस'च्या पाटीवरचा 'रोबो' खरवडला, कारण मेस तरी चालायला हवी. माड्यांवर परत नारळ वाळू लागले. बायका देवळाची फुले ओवायला परत गेल्या, तर देवळाने जुनाच भाव सांगितला, आणि वर बोलूनही दाखवले की आता आठवला का देव. बसमधून उतरताना त्यांच्या माना पूर्वीसारख्या झाल्या. नवऱ्याच्या दुकानात पितळी रोबोंची एक रांग फळीवर पडून आहे. कोपऱ्यातले दोन तर काळे पडले. तो आता दुपारचाही घरी येत नाही, गिऱ्हाईक येईल या आशेने बसून राहतो.

अक्का स्वतःच्या हाताने खायला बघे. घास तोंडापर्यंत पोचेना. डॉक्टर म्हणाले, गोळ्या वाढवून बघू, पण खूप उशीर केलात. भाऊ सकाळी भरवू लागला, ती दोन घास घेई आणि तोंड मिटे. दुपारी ताट तसेच. उंबरठ्याच्या आत ती, बाहेर मी, आणि मध्ये झाकलेला दहीभात. तिचे गाल आत गेले. मी म्हटले, "अक्का, मी भरवूं?" ती भिंतीकडे बघत राहिली. मला इतका राग आला की मला वाटले, मर. मी हे मोठ्याने म्हणाले नाही, पण माझ्या तोंडावर ते लिहिलेले होते आणि तिने ते वाचले असणार. तिने कधी माझ्याकडे पाहिलेच असेल तर.

आणि मग एका दुपारी मी आत गेले. आंघोळ नाही, सोवळे नाही, होते त्या साडीत. इतक्या वर्षांत उंबरठा ओलांडला तेव्हा कळले की आतली फरशी बाहेरच्यापेक्षा गार आहे. अक्काने मान भिंतीकडे फिरवली. मी तिच्या समोर बसले, वाटी घेतली, चमचा घेतला. तिने ओठ घट्ट मिटले. मी काही बोलले नाही. मी बोलले असते तर मी मी झाले असते.

मी चमचा वाटीच्या काठावर वाजवला. टिंग.

तिची मान थांबली. भिंतीवरून तिची नजर खाली आली, माझ्या बांगड्यांपर्यंत, त्यांच्या वर गेली नाही. मी पुन्हा वाजवले. टिंग.

अक्काने डोळे मिटले आणि तोंड उघडले.

मी भरवले. तिची मान डोलत होती, तिच्याबरोबर मी हात डोलवला, जसे ते करायचे. प्रत्येक घासाआधी टिंग. सगळी वाटी संपली. मी श्वास पण हळू घेत होते.

तेव्हापासून रोज दुपारी असेच चालते. डोळे ती उघडत नाही, मी बोलत नाही. वाटी रिकामी झाली की ती मिटल्या डोळ्यांनी म्हणते, "बेष भरवट्लस रे, बाळा."

दही तिच्या हनुवटीवर ओघळलेले असते, आणि आता तिला पदर उचलून पुसता येत नाही. पदर माझ्याही खांद्यावर आहे. पण यंत्र तोंड पुसत नसे. मीही पुसत नाही.